एक गणपती, दोन फाटकं

फाटकाच्या खांबावर तांबड्या रंगाची फुली होती. सुमंगला पाव घ्यायला बाहेर आली तेव्हा ती तिला दिसली, आणि पोदेराने सायकलच्या टोपलीतून काढून दिलेले उंडे हातात तसेच राहिले. काल संध्याकाळी खांब स्वच्छ होता. तिने बोट लावून पाहिलं तर रंग अजून ओला होता. पोदेर म्हणाला, सकाळीच दोघे डबा घेऊन फिरत होते, गटारापर्यंत खुणा करत गेले. सुमंगलाने मान वळवून शेजारच्या फाटकाकडे पाहिलं. तिच्या फाटकापासून ते इतकं जवळ की इथे कोणी खाकरलं तर तिथे कळावं. त्या फाटकाचे दोन्ही खांब कोरे होते. झालं. त्या कोऱ्या खांबांनी तिच्या तळपायाची आग मस्तकात नेली. फुली सगळ्यांनाच मारली असती तर तिने सरकारला चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा टाकला असता. पण डिचोलीच्या त्या रस्त्यावर भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या दोन घरांपैकी एकाच्याच खांबावर फुली पडते, आणि ते घर नेमकं आपलं असतं, म्हणजे ह्यात कोणाचा तरी हात आहे, आणि तो हात कोणाचा हे तिला शोधत बसायची गरज वाटली नाही.

शेजारी तिचे थोरले भावोजी कृष्णनाथ राहत. घर एकच होतं, नंतर मधे चिऱ्यांची भिंत घालून त्याची दोन झाली. कृष्णनाथ आणि त्यांची बायको देवकी ह्यांच्याशी सुमंगला बोलत नसे. म्हणजे अगदीच बोलत नसे असं नाही. चवथीला बोलत असे. घराण्याचा गणपती एकच, तो भावोजींच्या वाट्याच्या मोठ्या खोलीत बसायचा, आणि देव घरात असेपर्यंत दोन्ही चुलींचा स्वयंपाक एक व्हायचा. देवाच्या डोक्यावरच्या माटोळीला काकडी, तोरिंजन, नारळ बांधताना ती स्टुलावर चढलेल्या भावोजींना खालून सांगायची, तो घड जरा उजवीकडे घ्या, आणि ते घ्यायचे. देवकी आणि ती मांडीला मांडी लावून नेवऱ्या भरायच्या, सारण गोड झालं की नाही ह्यावर दोघींचं एकमत व्हायचं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, काय ह्या जावांचं गूळपीठ. मग गणपती पाण्यात जायचा, माणसं ओल्या पायांनी परत यायची, प्रसाद वाटून व्हायचा, आणि सुमंगला आपल्या दारात शिरून आतून कडी घालायची की पुढच्या चवथीपर्यंत तोंडाला कुलूप. रस्त्यावर समोरासमोर गाठ पडली तर ती स्कूटरचा आरसा नीट करायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की आता त्यात कोणाला नवल वाटत नसे, तिला स्वतःला तर मुळीच नाही. शाळेतून निवृत्त होऊनही तिचे किती पावसाळे झाले, पण ही एक नोकरी तिने सोडली नव्हती.

फुलीचं कारण विचारायला ती स्कूटर काढून रस्त्याच्या कामाच्या कचेरीत गेली. फाटकातून बाहेर पडताना नेहमीसारखंच थांबावं लागलं. पूर्वी खाणीचे ट्रक जायचे तेव्हा धूळ खावी लागे, पण ट्रक एकामागोमाग एक, बैलांसारखे, आणि ड्रायव्हर ओळखीचे. हात दाखवला की थांबायचे. आता मोपाच्या विमानतळावरून येणाऱ्या टॅक्स्या, हरमलला जाणाऱ्या भाड्याच्या उघड्या जीपा, आणि त्यात बसलेली, कोणाला काही देणं लागत नसलेली माणसं. वळण जवळ असल्यामुळे ती एकदम अंगावर यायची. हे तिलाही मान्य होतं. मान्य असलेल्या गोष्टीवरही माणसाला रागावता येतं, आणि सुमंगलाला तर फारच चांगलं येत असे. कचेरीतला इंजिनियर तरुण होता, अदबीने बोलत होता, त्याने तिला बसायला कदेल दिलं. रस्त्याच्या मधोमध कठडा येणार आहे, वळणाजवळ जितकी फाटकं जास्त तितके अपघात जास्त, म्हणून एका घराला एकच गाडीवाट ठेवायची, दुसरी बांधून काढायची, असं त्याने तिला समजावून सांगितलं. सुमंगला म्हणाली, आमची घरं दोन आहेत. इंजिनियर हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

"बाई, तुमचो गणपती एकूच मगो?"

"एकूच."

"माटोळी एकूच?"

"एकूच."

"मगे घर एकूच. एका घराक दोन गेटी कित्याक जाय?"

असे उलट प्रश्न जन्मभर तिने पोरांना विचारले होते, आणि समोरचा माणूस खोटंही बोलत नव्हता. तिने एवढंच विचारलं, हे गणपतीचं तुम्हाला कोणी सांगितलं. तो म्हणाला, तुमच्याच घरचा माणूस येऊन सांगून गेला, त्यांचं काही म्हणणं नाही, शेजारच्या फाटकातून दोन्हीकडची ये-जा होईल, मधल्या भिंतीला आतून एक दार पाडून द्यायचं. घरचा माणूस. सुमंगला उठली. परतताना तिने स्कूटर अशी हाकली की बाजारातल्या फुलवालीने मागून हाक मारून विचारलं, बाई, घरी सगळं बरं ना.

आतून दार पाडायचं. म्हणजे उद्यापासून तिने बाजारात जायचं तर ते दार ओलांडायचं, भावोजींच्या अंगणातून, तुळशीला वळसा घालून, सोप्यावर पेपर वाचत बसलेल्या भावोजींच्या समोरून जायचं. ते चष्म्यावरून बघणार. देवकी खिडकीतून विचारणार, खंय गो चल्लें? रात्री उशीर झाला तर त्यांच्या फाटकाचं कुलूप. पाहुणा आला तर त्यांच्या अंगणातून. गॅसवाला, पोदेर, इलेक्ट्रिकचा माणूस, सगळे त्यांच्या नजरेखालून. आणि शेवटी एक दिवस ती स्वतः आडवी जाणार तीही त्यांच्याच फाटकातून. ह्या शेवटच्या विचाराने तिला इतका संताप आला की तिने पिशवीतले कांदे मेजावर ओतले आणि ते घरंगळत खाली गेले तरी उचलले नाहीत.

कारण हे फाटक तिला कोणी दिलेलं नव्हतं. रघुनाथ, तिचा नवरा, खाणीवर सुपरवायझर होता. एका दुपारी तिथेच छातीत कळ येऊन तो खाली बसला आणि उठलाच नाही. तेव्हा गोकुळदास दुसरीत होता. वर्ष सुतकाच्या सावटात गेलं. पुढच्या चवथीला सुमंगलाने ठरवलं होतं, पोरासाठी म्हणून तरी हसून राहायचं. गणपतीच्या आदल्या रात्रीपर्यंत ती स्वयंपाकघरात राबली. सकाळी चित्रशाळेतून मूर्ती आली. भावोजींच्या डोक्यावर पाट, पाटावर रुमालाने तोंड झाकलेला देव, पुढे झांजा, मागे पोरं, आणि पोरांत तिचा गोकुळदास. तेव्हा ह्या घराला एकच फाटक होतं. सगळ्या बायका फाटकात जमल्या होत्या, कोणाच्या हातात पाण्याचा तांब्या, कोणाच्या हातात आरती. सुमंगलाही होती, हात रिकामे. तिला फक्त पोराला झांजा वाजवताना बघायचं होतं. देवकी जवळ आली आणि अगदी हळू, अगदी प्रेमाने म्हणाली, "सुमंगल, तूं मात्शी फाटीं राव गो." भावोजींनी ते ऐकलं. तिची खात्री होती की ऐकलं, कारण ते चालता चालता थांबले होते आणि डोक्यावर देव असल्यामुळे खाली बघता येत नसतानाही त्यांनी नजर खाली वळवली होती. ते एक वाक्य बोलले असते तर. राहूं दे तिका, एवढंच. ते बोलले नाहीत. सुमंगला मागे झाली. मागे म्हणजे कुठे, तर कुंपणाच्या कडेला, जिथे नारळाच्या झावळ्यांचा ढीग पडला होता. तिथून तिला देव आत जाताना दिसला नाही, फक्त झांजा ऐकू आल्या, आणि ओल्या झावळ्यांचा कुजका वास नाकात बसला. झावळ्यांचा तो वास आजही कुठे आला की तिचे दात एकमेकांवर बसत.

दिवाळी सरली आणि तिने गवंडी बोलावला. वाटण्या कागदावर झालेल्याच होत्या, मधली भिंत तिने घातली, आणि रस्त्याकडचं कुंपण फोडून स्वतःचं फाटक बसवलं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, साधंच. भावोजी दिवसभर सोप्यावरून बघत होते. संध्याकाळी आले आणि म्हणाले, दोन फाटकं म्हणजे दोन घरं, हें तुका कळटा मगो? ती म्हणाली, कळतं. ते त्यांचं चवथीबाहेरचं शेवटचं बोलणं. त्यानंतर त्या फाटकातून ती शाळेत गेली, पोराला कॉलेजात धाडलं, सुनेला घरात घेतलं. सुनेला घ्यायला ती सगळ्यांच्या पुढे उभी होती, फाटकाच्या बरोबर मधे, आणि तिला कोणी मागे हो म्हणालं नाही, कारण म्हणायला तिथे कोणाचा अधिकारच नव्हता. लोखंडाच्या त्या दोन झडपांनी तिला तेवढं मिळवून दिलं होतं. आणि भावोजींनी कचेरीत जाऊन एक गणपती म्हणजे एक घर असं सांगून ते काढून घेतलं होतं. देव असा वापरायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी गोकुळदास पर्वरीहून आला. तो तिकडे बँकेत होता, दर रविवारी यायचा, कधी बायको आणि पोरीला घेऊन, कधी एकटा. आज एकटाच होता. नेहमीसारखा फाटकातून पायी आत आला. गाडी वळवायला त्रास होतो म्हणून पुढे लावतो, असं तो म्हणे. चहा विचारला तर नेहमीसारखं नको म्हणाला. सुमंगला तो बसायच्या आतच सुरू झाली. फुली, कचेरी, इंजिनियर, आणि ह्या वयात ही नीचपणाची हद्द. ती बोलत राहिली आणि पोरगा जनेलाबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आई, काकान ना. हांवें सांगलें."

तिला आधी वाटलं की कचेरीत जाऊन आल्याचं अंगावर घेऊन तो काकांना वाचवतो आहे. तो पुढे बोलत गेला तसं तिला कळलं की वाचवायचं असं काही उरलंच नव्हतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो पोरीला घेऊन आला होता, त्या दिवशी गाडी तिच्या फाटकातून मागे घेत होता. वळणावरून एक जीप आली आणि गाडीची मागची बाजू घासून गेली. मागच्या सीटवर पोरगी होती. काही झालं नाही, पण काच तिच्या मांडीवर पडली. सुमंगला तेव्हा देवळात गेली होती. आवाज ऐकून काका काठी टाकून धावत आले, पोरीला उचलून आपल्या घरात घेऊन गेले, काकीने तिच्या केसांतले काचेचे तुकडे एक एक करून काढले. आईला सांगायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. आणि तेव्हापासून गाडी काकांच्या अंगणात, घराच्या मागे. सगळ्यांनी म्हणजे कोणी, असं सुमंगलाने विचारलं. गोकुळदास म्हणाला, सगळ्यांनीच. मग, एकदा बोलायला लागल्यावर थांबवेना तसा, त्याने सांगून टाकलं की तो काकांकडे लहानपणापासून जात आला आहे, शाळेतून येताना मागच्या परसातून, ती शिकवण्या घ्यायची तेव्हा. सून फोनवर काकीशी बोलते. पोरगी तिथे जेवते.

चहा नको, नेहमी. आत्ताच घेतला, कधी कधी तो म्हणायचा, आणि तिला वाटायचं वाटेत हॉटेलात घेतला असेल. सुमंगला पोराकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात ते सगळे रविवार उलटे फिरू लागले. म्हणजे न बोलणारी ती एकटीच होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की दोन घरांमधे अबोला आहे, दोन्हीकडून ओढून धरलेला, आणि भावोजीही तिकडे तिच्याइतकेच दात आवळून बसले आहेत. तिकडे तर जेवणाची ताटं मांडली जात होती. चवथीला ती बोलायला लागली की सगळे कसे पटकन बोलायचे, जणू काही झालंच नाही, ह्याला ती त्यांचा निर्लज्जपणा समजायची. त्यांच्यासाठी खरंच काही झालं नव्हतं. तिला पोराचा राग आला, पण काच मांडीवर पडलेल्या नातीचा बाप म्हणून त्याच्यावर नीट रागावताही येईना, आणि ह्या अडवणुकीने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आई, फाटकूच तें," गोकुळदास म्हणाला. "कोण कित्याक तुका कितें म्हणटलो आतां?"

तिने त्याला जायला सांगितलं. तो गेला, फाटकातून, आणि ह्या वेळी लपायची गरज नसल्यामुळे सरळ शेजारी शिरला.

बुधवारी चिरे येऊन पडले. गवंडी आणि दोन मजूर, सावंतवाडीकडचे, सिमेंट कालवू लागले. हिरव्या झडपा काढून भिंतीला टेकवून ठेवल्या. सुमंगलाने ते बघितलं आणि चपला घालून रस्त्यावर आली, आणि रस्त्यावरूनच भावोजींच्या फाटकात शिरली. चवथीला अजून बरेच दिवस होते. सोप्यावर कृष्णनाथ पेपर वाचत होते. ते खूप म्हातारे झाले होते. दर चवथीला ती हे बघायची, पण गणपतीच्या गर्दीत माणूस तितका म्हातारा दिसत नाही. देवकी तांदूळ निवडत होती. दोघांचे हात थांबले.

"भावोजी," ती म्हणाली, "सगळीं उलयतालीं. म्हाका कोणें सांगूंक ना."

कृष्णनाथांनी चष्मा काढला. म्हणाले, तुला बोलायचं नव्हतं, म्हणून आम्ही गप्प राहिलो, तुझा मान राखला. सुमंगला म्हणाली, ह्याला मान म्हणत नाहीत, पोरगं हट्ट करतं तेव्हा मोठी माणसं एकमेकांना डोळे घालतात त्यातलं हे आहे. तिचा आवाज चढला होता आणि मजूर रस्त्यावरून बघत होते, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने विचारलं, त्या दिवशी फाटकात तुमच्या डोक्यावर देव होता आणि वहिनींनी मला मागे व्हायला सांगितलं, तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत. एवढंच सांगा. मग मी त्या दारातून काय, खिडकीतूनही येईन.

कृष्णनाथांनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. खोटं बोलायचं असतं तर त्यांना तेवढा वेळ लागला नसता.

"म्हाका याद ना गो," ते म्हणाले.

तिने देवकीकडे पाहिलं. देवकीने मान खाली घातली, सुपातले तांदूळ बोटांनी सारखे केले, आणि म्हणाली, "म्हळां आसतलें. तेन्ना सगळींच म्हणटालीं."

सुमंगलाला वाटलं होतं, भांडण होईल. ते म्हणतील, तेव्हाची रीतच तशी होती, मग ती म्हणेल, रीत तुमच्या घरची, मग कोणीतरी रडेल. भांडायला निदान दोघांना एकच गोष्ट आठवावी लागते. इथे तिच्या आयुष्याचा अर्धा भाग ज्या वाक्याने बांधून काढला होता ते वाक्य बोलणारीला म्हळां आसतलें, म्हटलं असेल, इतपतच ठाऊक होतं. तिला ओरडावंसं वाटलं, त्या तांदळाचं सूप उचलून अंगणात फेकावंसं वाटलं. त्यातलं तिने काही केलं नाही. ती वळली आणि बाहेर आली.

गवंड्याने पहिला थर घातला होता. तो ओलांडून आत जावं आणि मग आत बसून राहावं, इतकंच उरलं होतं. पण थरापाशी ती थांबली. कारापूरला तिच्या माहेरी काजूच्या बागेला फाटकच नव्हतं. चिऱ्यांचा गडगा होता, आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून गडग्यात दोन्ही अंगांनी लांब चिरे बाहेर काढून पायऱ्या केलेल्या होत्या. माणसाने पाय टेकत चढायचं आणि पलीकडे उतरायचं. तिने गवंड्याला तसं करायला सांगितलं. तो गोंधळला, साहेबांनी बांधून काढायला सांगितलंय म्हणाला. ती म्हणाली, बांधच, पूर्ण बांध, भोक ठेवू नको, फक्त चिरे बाहेर काढ. दुपारी इंजिनियर आला. त्याने भिंतीभोवती फिरून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, ह्यातून गाडी काय जाणार नाही, मग माझी हरकत नाही. पण बाई, ह्या वयात. सुमंगलाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वाक्य तिथेच सोडलं. स्कूटर आत राहिली. भावोजींच्या अंगणातून ती बाहेर काढून देतो असं गोकुळदास फोनवर म्हणाला. तिने नको म्हटलं आणि स्कूटरवर जुनी चादर टाकली. चादर टाकताना मात्र तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मधल्या भिंतीतलं नवं दार उघडंच होतं, पलीकडून कोणीतरी त्याला आंब्याच्या पानांचं तोरणही लावलं होतं. ती त्याच्यासमोरून गेली. पायऱ्या उंच झाल्या होत्या. पहिली चढली, दुसरी चढली, तिसऱ्या पायरीला गुडघ्यात कळ आली आणि तिने साडी वर खोचून भिंतीच्या माथ्यावर हात टेकले. वर आली. वरून रस्ता कधी पाहिला नव्हता. मधला कठडा अर्धा झाला होता, त्याच्याकडेने गाड्या तुंबल्या होत्या, आणि भाड्याच्या जीपेतला एक उघडा पोरगा फोन वर धरून तिचा फोटो काढत होता. उतरायला तिने पाय खाली सोडला आणि तो पायरीपर्यंत पोचेना. रस्त्याकडच्या पायऱ्या जास्त खाली आल्या होत्या, बांधताना हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

जीपेतल्यांचा ओरडा ऐकून गोकुळदास काकांच्या घरातून धावत आला, आतल्या बाजूने, नव्या दारातून. आई, परत ये, मी धरतो, म्हणू लागला. रस्त्याकडून देवकी आली, पदर सावरत, गाड्यांना हात दाखवत, आणि तिच्यामागे कृष्णनाथ काठी टेकत. देवकीने दोन्ही हात वर केले. "ये गो सुमंगल, हांव आसा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर भरले होते. कृष्णनाथ काही बोलले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते, मान वर करून, आणि ह्या वेळी त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं.

सुमंगलाने कोणाचाच हात धरला नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली, साडी नीट केली आणि भिंतीवर बसली. चिरा गरम होता, गुडघा ठणकत होता. राग तसाच होता, जागचा हललेला नव्हता, पण आता तो सगळ्यांना दिसत होता, पोराला, जावेला, भावोजींना, मोपाहून आलेल्या आणि हरमलला निघालेल्या सगळ्या दुनियेला. आणि हे आठवत नाही असं ह्यापुढे तरी कोणी म्हणू शकणार नव्हतं. आतून पोरगा हाका मारत होता, बाहेरून देवकी. मागची टॅक्सी हॉर्न वाजवायला लागली. कुठल्या बाजूला उतरायचं ते तिचं ती ठरवणार होती, आणि कोणी हॉर्न वाजवतं म्हणून तर मुळीच उतरणार नव्हती.